पाच वॅटचे दहा

नागसेन हे लिहिणारच नव्हता. तीनदा मोबाईलवर टाईप केलं, तीनदा पुसलं. 'मी' म्हणून लिहायला गेलं की दुसऱ्याच ओळीला रडगाणं व्हायचं. मग 'मी' काढून 'नागसेन' टाकलं, तेव्हा कुठं बोट पुढं सरकलं. तर हा नागसेन.

कमलनगरच्या स्टँडसमोर त्याचं मोबाईल रिपेरीचं दुकान. दुकान म्हणजे एक काउंटर, एक भिंग आणि दिवसभर सोल्डरचा धूर. कॉलेज अर्ध्यात सुटलं, रेडिओ सुटला नाही. व्हिडिओ बघून, जळक्या सेटांची आतडी काढून तो शिकत गेला आणि दोन वर्षांखाली हॅम रेडिओच्या लायसनची परीक्षा पास झाला. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. ना टॉवर, ना सिमकार्ड. एक पेटी, एक तार, आणि शेकडो कोसावरच्या माणसाशी बोलायचं.

परीक्षेला त्याच्यासोबत महेशकुमार बसला होता. पाइप-मोटारीच्या दुकानदाराचा पोरगा, घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि नागसेनला शिव्या द्यायच्या तर दोन्ही. सहावीपासूनची दोस्ती.

दर रविवारी दोघं गावाबाहेर अंकुशरावांच्या माळावर जायचे. तिथं विजेच्या तारा नाहीत, मोटारी नाहीत, त्यामुळं रेडिओत खरखर नाही. पेटी महेशची, बॅटरी नागसेनची. ताकद पाच वॅट, मोरीतल्या बारक्या बल्बाएवढी. तेवढ्यात आवाज कुठवर जातो, हीच गंमत. आणि ते सगळं अँटेनावर.

अँटेना दोन. महेशचा म्हणजे लांब तार, एक टोक लिंबाला, एक बांबूला, मधला भाग वर. नागसेनचा म्हणजे मासे धरायची सरकती काठी, तिला बांधलेली तार आणि बुडाशी हातानं गुंडाळलेली कॉइल. महेशच्याला झाड लागतं, दोन माणसं लागतात, अर्धा तास लागतो. नागसेनची काठी एकटा माणूस चार मिनिटांत उभी करतो.

"टावर कवा बसणार मग?" अंकुशराव दर रविवारी विचारायचे.

"मामा, टावर न्हाई ह्यो. मोजायलाव आम्ही."

"काय मोजायलाव? जमीन तर माझी हाय."

त्यांना कितीदा सांगितलं तरी पुढच्या रविवारी टावरच.

पण यंदा मोजण्याला कारण होतं. बिदरचे शिवय्या सर, वीज खात्यातून रिटायर झालेले, या भागातल्या हौशी रेडिओवाल्यांचे म्होरके. त्यांनी मांजरा नदीकाठच्या गावांसाठी दहा पिशव्या करायचं काढलं होतं. पूर आला, फोन मेले, तर पिशवी उघडायची आणि रेडिओवरून खबर द्यायची. पेटी ठरली, बॅटरी ठरली. अँटेना कुणाचा, ते ठरायचं होतं. सर म्हणाले, "दोघं मोजा, आकडे पाठवा. जो जिंकंल तो पिशवीत."

मोजायची रीत या दोघांनी स्वतः बसवली होती. उत्तरेत कुणीतरी एक रेडिओ इंटरनेटला जोडून ठेवलाय. त्याच्यावर आपला सिग्नल किती जोरात पोचला, ते मोबाईलवर आकड्यात दिसतं. एकानं पेटीपाशी बसून सिग्नल सोडायचा, दुसऱ्यानं वीस पावलं लांब, पेटीकडं पाठ करून उभं राहून मोबाईलवर आकडा धरायचा. आणि एक पक्का नियम. ज्याचा अँटेना, त्यानं पेटीला हात लावायचा नाही. नागसेनच्या पाळीला महेश पेटीवर, महेशच्या पाळीला नागसेन. म्हणजे कुणी आपल्या अँटेनाला ढकलून पुढं नेणार नाही. दोघांना या नियमाचा लई अभिमान होता. शहरातल्या लोकांना तरी सुचलाय का असा, म्हणून महेश मांडीवर थाप मारायचा.

पहिल्या रविवारी काठी हरली. एका आकड्यानं. नागसेन दोन दिवस नीट जेवला नाही. मग त्यानं कॉइल उकलली आणि फिरून गुंडाळली, एकेक फेरा नखानं दाबून, रात्री दुकान बंद झाल्यावर. दुसऱ्या रविवारी काठी दोन आकड्यांनी जिंकली. तिसऱ्याला दोन. चौथ्याला दोन. आई सुभद्राबाईला त्यानं बोटं दाखवली होती, "ह्या बोटांनी काम केलंय बग." आई म्हणाली, "मग भांडी घास त्याच बोटांनी." पण ती हसली होती.

सहावा रविवार झाल्यावर शिवय्या सरांचा फोन आला. "मंगळवारी तारा कापायला घेऊ. दहा काठ्या. मी कागदावर 'नागसेन काठी' म्हणूनच लिहिलोय." नागसेननं तो फोन रेकॉर्ड करून ठेवला. दोनदा ऐकला. खरं सांगायचं तर सातदा.

सातवा रविवार नुसता नावाला होता. फक्त एक बारकी कटकट होती. बॅटरी चार तास टिकायला पाहिजे, ती अडीच तासात मान टाकायची. पुरात तसं झालं तर? म्हणून नागसेननं बॅटरीच्या वायरीत एक बारका मीटर बसवला. जास्तीत जास्त करंट किती ओढला, ते तो मीटर लक्षात ठेवतो. महेशला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतंच काय?

महेशच्या तारेची पाळी झाली. नागसेन पेटीवर. मीटर म्हणाला, एक पूर्णांक दोन. बरोबर, पाच वॅटला तेवढंच लागतं.

मीटर शून्य करून तो काठीपाशी गेला. महेश पेटीवर बसला. आकडा आला, दोननं पुढं. परत येऊन मीटर बघितला. दोन पूर्णांक एक.

नागसेनला पहिली शंका स्वतःवरच आली. आपली कॉइल खाते की काय? फेरे एकमेकाला चिकटले? त्यानं कॉइल उन्हात धरून बघितली. गार. "अजून एकदा घेऊ," तो म्हणाला.

"कामून? झालं की आता," महेश म्हणाला. "भूक लागलीय यार."

"एकदाच."

या वेळी तो वीस पावलं गेला, मोबाईल काठीच्या बुडाशी ठेवला आणि लिंबाच्या मागनं वळसा घालून आला. महेश पाठमोरा बसला होता. पेटीवर आकडा लुकलुकत होता. दहा.

"मह्या, कितीवर हाय?"

महेशनं मान न वळवता सांगितलं, "पाच." सांगून झाल्यावर आवाज कुठनं आला ते त्याला कळलं, आणि त्याचा हात बटणाकडं गेला.

"राहू दे," नागसेन म्हणाला. "हात काढ."

माळावर वारं होतं. काठीची तार वाजत होती.

"कवापासनं?"

"बस तर आधी."

"कवापासनं, महेशकुमार?"

पूर्ण नाव ऐकल्यावर महेशनं मान खाली घातली. "दुसऱ्या रविवारपासनं."

नागसेननं मनात हिशोब मांडला. मांडायला वेळ लागला नाही. पाचाचे दहा केले की तिकडचा आकडा तीननं चढतो. आपण दोननं जिंकायलाव. म्हणजे खरं तर एकानं हरायलाव. पहिल्या रविवारी हरलो होतो तेवढंच. म्हणजे ती कॉइल. त्या रात्री. ते नखानं दाबलेले फेरे. त्यातनं काहीच झालं नव्हतं.

"मी समद्या जगाला बोटं दाखवत फिरलो," तो म्हणाला. "आणि ते तुझं बटण व्हतं."

"ऐक की. तुझं तोंड बगवत नव्हतं मला. एका आकड्यासाठी तू दोन दिवस जेवला न्हाईस. मला वाटलं, एकदा वाढवू. मग तू इतका खुश झालास, की पुन्हा कमी कसं करू? कमी केलं असतं तर तूच म्हणला असतास, आता कामून पडलं."

"म्हणून सहा रविवार?"

"आणि दहावीतलं विज्ञान प्रदर्शन आठव." महेशचा आवाज चढला. "तुझा रेडिओ वाजत व्हता. पेटीत बॅटरीसुद्धा नव्हती, तरी वाजत व्हता. माझा थर्माकोलचा डोंगर. परीक्षकानं पाटीवर तुझं आडनाव वाचलं आणि पुढं गेला. बक्षीस मला. मी घेतलं ते. स्टेजवर जाऊन घेतलं. तवापासनं माझ्या पोटात हाय ते. म्हणलं, या टायमाला तरी तुझंच व्हावं."

नागसेन हसला. असं हसू त्याला स्वतःलाच आवडलं नाही.

"तवा त्यांनी ठरवलं, ह्याला द्यायचं न्हाई. आता तू ठरवलास, ह्याला द्यायचं. माझं काम कुणी बगितलंच न्हाई की रे. ना त्यानं, ना तू."

"मी तुझ्यासाठी—"

"एका आकड्यानं हरलो व्हतो, मह्या. एवढीशी काठी, तुझ्या एवढ्या मोठ्या तारेशी, एका आकड्यानं! झाड नको, माणूस नको. त्यात लाजण्यासारखं काय व्हतं? ते माझं व्हतं. खरं व्हतं. ते पण काढून घेतलास."

तेवढ्यात बांधावरनं अंकुशराव आले. "काय, भांडायलाव का?"

"मामा, इकडं या," नागसेन म्हणाला. "ह्या पेटीवर आकडा दिसायलाय ना, तेवढा मोठ्यानं वाचत राहायचा. हात लावायचा न्हाई, फक्त वाचायचं."

अंकुशराव पेटीसमोर उकिडवे बसले, बाजारात बोली लागल्यासारखे. महेश सिग्नल सोडायचा आणि हे ओरडायचे, "पाच हाय! पाच! अजून पाचच हाय बगा!" तीन पाळ्या झाल्या. काठी एकानं मागं. एकानं मागं. एकानं मागं.

"कोण जिंकलं?" अंकुशरावांनी विचारलं.

"ह्यो," नागसेननं महेशकडं बोट केलं.

मग त्यानं शिवय्या सरांना फोन लावला. महेश म्हणाला, "उद्या लाव. घरी जाऊन बोलू आपण." नागसेननं फोन स्पीकरवर टाकला.

"सर, आकडे खोटे हायत. सहा रविवारचे. माझ्या पाळीला पावर दुप्पट व्हती. माझी काठी एकानं मागं हाय."

मग सरांनी विचारलं, "दुप्पट कुणी केली?"

महेशनं नागसेनकडं बघितलं. त्या बघण्यात सहावीपासूनचं सगळं होतं. 'चूक झाली सर' एवढं म्हणून भागलं असतं. सरांनी पुढं विचारलंही नसतं.

"महेशनं, सर."

"हं," सर म्हणाले. "तारा कापत न्हाई मग. पुढच्या रविवारी मी सोता येतो, माझी पेटी घेऊन. एकानं मागं असली म्हणून काठी वाईट होत न्हाई, पण मला आता तुमचा एकाचाबी आकडा नको." फोन ठेवला.

दोघांनी सामान आवरायला घेतलं. महेशनं लिंबावरची तार ओढली, ती अडकली. नेहमी अशा वेळी नागसेन वर चढायचा. तो उभाच राहिला. महेश स्वतः चढला, गुडघा सोलून घेतला, खाली उतरला.

"नाव घेतलास माझं," तो म्हणाला.

"त्यांनी विचारलं."

"मी तुझं घेतलं नसतं."

"म्हाईत हाय. तेच तर रडणं हाय."

गाडीवर बसायच्या आधी महेश थांबला. किल्ली बोटात फिरवत राहिला. "रविवारी येणार हायस का न्हाई?"

नागसेननं काठी एकात एक सरकवून बारकी केली, कॉइलवर फडकं गुंडाळलं. माफ केलं म्हणावं, तर ते खोटं झालं असतं, आणि आजच्या दिवसात खोटं पुरे झालं होतं.

"येतो," तो म्हणाला. "तुझी तार झाडाला बांधू लागतो. पण आधीसारखं तुझ्याकडं पाठ करून उभं राहणं जमणार न्हाई मला. कवा जमंल, तेबी सांगत न्हाई. एकच वचन देतो तुला, मह्या. सरांसमोर तू हरलास, तर 'हरलास' म्हणून तुला तोंडावर मीच सांगीन. दुसऱ्या कुणाला सांगू देणार न्हाई."