अलार्मवरची टोपी

मारिट बापाचं घर तपासायला आली ती थेट गुडघ्यांवर. कोट काढला, बूट काढले, आणि चाळिशीला टेकलेली ही बाई स्वयंपाकघरात चक्क रांगायला लागली. "टिल्डाला जे दिसतं ते मला दिसायला हवं, बाबा," ती म्हणाली. दोन वर्षांच्या टिल्डाला वाटलं, आई घोडा झाली. ती खुशाल पाठीवर चढून बसली.

हॅल्वर ओस्टबी कॉफीचा मग धरून दोघींच्या मागे मागे फिरत होता. शाळेत तपासणीला साहेब आले की मास्तर फिरतात ना, तसा. अमेरिकेत, मिनेसोटातल्या त्या गावातल्या निम्म्या घरांवर त्यानं छपरं घातली होती, आणि आज स्वतःच्याच घरात त्याला घाम फुटला होता. बायको एल्ना गेल्यापासून ते घर त्याला खायला उठायचं. मारिटची नोकरी पुन्हा सुरू झाली, पोरीला दिवसभर ठेवायचं कुठं हा प्रश्न आला, तेव्हा तो म्हणाला होता, माझ्याकडे ठेव. आज त्याची परीक्षा होती. पास झाला तर नात रोज त्याच्याकडे, नाहीतर पाळणाघर. हा शब्द ऐकला तरी त्याचं तोंड कडू व्हायचं.

तयारी मात्र त्यानं झकास केली होती. तळघराच्या जिन्याला फाटक बसवलं होतं, कपाट भिंतीला स्क्रूनं आवळलं होतं. नळाचं गरम पाणी तर इतकं कोमट करून ठेवलं होतं, की दाढी करताना स्वतःच कुडकुडायचा.

"तीन पोरं वाढवलीत मी या घरात," तो म्हणाला.

"त्यातला एक रॉकेल प्यायला होता."

"आर्ने. आणि तो पुढं पाद्री झाला."

मारिट हसली, आणि हसता हसता बाकाखालून मासेमारीचा एक गळ काढून तिनं त्याच्यासमोर धरला. तिनं गळ कागदात गुंडाळून खिशात टाकला.

तेवढ्यात एल्नाची धाकटी बहीण बोरघिल्ड आली, उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन. नाताळ तोंडावर आला होता, लेफ्स करायचा दिवस ठरलेला होता, आणि कुणाची परीक्षा आहे म्हणून तो काही टळणार नव्हता. बटाटा, लोणी, पीठ मळून कागदासारखी पातळ पोळी लाटायची, लांब चपट्या काठीनं अलगद उचलून मोठ्या तव्यावर टाकायची. तव्यावर सांडलेलं पीठ जळतं, घरभर धूर होतो, आणि छताचा अलार्म असा बोंबलतो की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी धावत यावं. म्हणून लेफ्सच्या दिवशी अलार्मला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालायची, हा तिथल्या नॉर्वेजियन वंशाच्या घराघरातला रिवाज. ओस्टबींकडे हे काम लहानपणापासून मारिटचं. आजही कुणी न सांगता ती स्टुलावर चढली, टोपी चढवली, पहिली लेफ्स लोणी-साखर लावून टिल्डाला भरवली आणि कामावर पळाली. शेजारच्या शहरात, इस्पितळाच्या तातडीच्या विभागात ती नर्स होती. काय काय गिळलेली पोरं रोज बघायची, मग रांगणार नाही तर काय करणार?

दिवस मोठा मजेत गेला. टिल्डानं आजोबांच्या मोज्यांवर पीठ ओतलं, थोडं खाल्लं, थोडं केसांना लावलं आणि जेवून झोपली. तिच्याशेजारी खुर्चीत बसल्या बसल्या हॅल्वरलाही डुलकी लागली.

जाग आली तेव्हा त्याची नजर वर गेली. टोपी तशीच होती. तवा कधीच गार झाला होता, धूरही विरला होता. पण तळघरात घर तापवणारी भट्टी पेटलेली होती, आणि तिच्यातून विषारी वायू गळला तर ओरडायचं काम याच अलार्मचं. नात झोपलेली, आजोबा झोपलेले, आणि राखणदाराचं तोंड बांधलेलं. त्यानं स्टुलावर चढून टोपी ओढून काढली, बटण दाबून बघितलं. अलार्म किंचाळला, टिल्डा दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. ते ऐकून त्याला आधी बरं वाटलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

"काढलीस ना? झालं तर मग," बोरघिल्ड तवा पुसत म्हणाली.

"मारिटला सांगायला हवं."

"डोकं फिरलंय का तुझं? तिनंच घातली, तीच विसरली. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस? पोर जाईल पाळणाघरात, आणि तू बस खिडकीशी चिमण्या मोजत."

तिचं काही खोटं नव्हतं. टोपी खणात ठेवली की विषय संपला असता. टिल्डा रडायची थांबली होती, त्याच्या मांडीवर बसून चष्मा ओढत होती. ही उद्यापासून नसेल, या विचारानं त्याला गलबलून आलं. तरी त्यानं फोन उचलला.

"बाबा? काय झालं?"

"टिल्डा छान आहे, मांडीवर आहे. अलार्मवरची टोपी राहिली होती, मारिट. ती झोपली तेव्हासुद्धा. मलाही झोप लागली. आत्ता काढली."

पलीकडे कुणाचं तरी पोर रडत होतं. "काम संपलं की येते," एवढं बोलून मारिटनं फोन ठेवला.

"मिळालं मेडल?" बोरघिल्डनं विचारलं.

मारिट आली तेव्हा टिल्डाचं सामान पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं होतं. पिशवी बघून ती बुटांसकट बाकावर बसली.

"टोपी मी घातली होती, बाबा."

"घर माझं आहे. बघायला मी हवं होतं."

"तुमचा फोन येईपर्यंत मला आठवलंही नव्हतं. तुम्ही बोलला नसता तर मला कधी कळलंच नसतं. आमच्याकडे पोर घेऊन येतात, आणि काय झालं ते नीट कुणी सांगत नाही. लाज वाटते, नाहीतर घरात भांडण होईल म्हणून. आम्ही आपले चाचपडत बसतो."

तिनं पिशवीतून टिल्डाचे घरातले छोटे जोडे काढले आणि हॅल्वरच्या जोड्यांशेजारी ठेवले. "सोमवारी सकाळी आणते हिला."

हॅल्वरचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलेही नाहीत.

"पुन्हा चुकेल गं माझं," तो म्हणाला.

"चुकेलच," मारिट म्हणाली. "फोन करा."