सहा माणसं, चार मीटर

आमच्या घरात माणसं सहा आणि मीटर चार, त्यामुळे कोणत्याही क्षणी आमच्यातली दोन माणसं अंदाजाने असतात.

मीटर दाराशी आहेत, चपलांच्या कपाटाच्या वर, विजेच्या मीटरसारखेच, आत चकती फिरणारे. ज्याच्यावर मीटर लागलेला असतो तो माणूस खरा असतो. मग मीटर दुसऱ्याकडे जातो आणि पहिला माणूस तोवर जे करत आला तेच पुढे ताणत राहतो, पुन्हा नंबर येईपर्यंत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हादरले होते. माझा भाऊ दिगू एका विनोदावर हसला आणि नेमका तिथेच त्याच्यावरचा मीटर सुटला. आमटी गार झाली, ताटं उचलली गेली, तरी तो हसतच होता. त्याची बायको मीनल भिंतीला टेकून रडायला लागली. नंबर आल्यावर दिगू थांबला, गाल चोळत म्हणाला, "काय झालं? अशा काय बघताय?"

माणूस कशालाही सरावतो म्हणतात. घरातले सरावले. मी नाही सरावले. माझ्यासमोर बसलेला माणूस खरा आहे की ताणलेला, हा प्रश्न मला दर वेळी नव्याने पडायचा.

स्वयंपाक माई, म्हणजे आमची आई, करायची. दोन पोळ्या लाटेपर्यंत मीटर तिच्यावर असला तर अंदाजाने त्यांच्या सहा व्हायच्या. अंदाजाची पोळी दिसायला तशीच असते, पापुद्रे सुटतात, तूपही लागतं, फक्त पोट भरत नाही. आमच्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण ताराआत्या आमच्याकडेच राहते आणि तिची जीभ अजून तरुण आहे. ती ताट सरकवून म्हणायची, "हवा वाढलीस गं, हवा. खरी मोजलेली असेल तर आण एखादी."

माई हसून डब्यात खालून पोळी शोधून द्यायची.

मग आप्पा पडले. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे, एकटं सोडू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आम्ही सोडलंही नव्हतं. सगळे त्यांच्यासमोर बसलो होतो. ते खुर्चीत पेपर वाचत होते, पान उलटत होते, मध्येच "हात्तिच्या!" म्हणत होते. मीटर फिरून त्यांच्यावर आला आणि खुर्ची रिकामी झाली. आप्पा न्हाणीघरात जमिनीवर होते, ओठ निळे, एक चप्पल पायात आणि एक दाराबाहेर. आम्ही इतका वेळ त्यांच्या अंदाजाशी गप्पा मारत बसलो होतो. दिगूने त्यांना उचललं तेव्हा मी रिकाम्या खुर्चीतला पेपर घडी करत होते, का ते मला अजून सांगता येत नाही.

आप्पा वाचले. दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी माईने मीटरच्या डब्यावर टकटक केलं. डब्याला काही सांगायचं असेल तर असंच सांगायचं असतं.

"माझा नंबर यांना द्या," ती म्हणाली.

"माई, असं कसं?" मी म्हटलं.

"मला काय मोजायचंय? मी आहेच की."

आम्हाला ते पटलं. लाज वाटायला हवी होती, पण हायसं वाटलं. आप्पांना दोन नंबर मिळाले, आम्ही बाकीचे आलटून पालटून, आणि माई पूर्णपणे अंदाजाने. डब्यातल्या सगळ्याच पोळ्या हवेच्या झाल्या. चालायचंच, आम्ही म्हटलं. मीनल ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवून यायची, दिगू येताना पाव आणायचा. ताराआत्या तेवढी कुरकुरायची, पण ती तर चांदण्यालाही नावं ठेवते.

एवढं करूनही आप्पा पूर्णवेळ खरे नव्हते. मध्ये मध्ये मीटर त्यांच्यावरून सुटायचाच. तेव्हा मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसायचे आणि हाताखाली जे धडधडायचं त्यावर माझा विश्वास बसायचा नाही.

माझी नोकरी याच गोष्टीची आहे, हे सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. प्रोग्रॅम कुठे वेळ घालवतो ते शोधणारं एक साधन आम्ही बनवतो. चिपमध्ये मोजणारे काटे मोजकेच असतात आणि गिऱ्हाइकाला मोजायच्या असतात पन्नास गोष्टी. मग काटे आलटून पालटून लावायचे, थोडा वेळ हे, थोडा वेळ ते, आणि उरलेलं गुणाकाराने भरून काढायचं. गिऱ्हाइकं चिडली होती, कारण आमचे आकडे सुंदर होते आणि खोटे होते. ही अदलाबदल कमी करा, असा हुकूम आला होता.

माझ्या शेजारी इब्राहिम शिकलगार बसतो. बेरकी माणूस. तो म्हणाला, "ताई, यात डोकं कसलं लावताय? काटे वाढत नाहीत. यादी छोटी करा. जेवढे काटे तेवढ्याच गोष्टी. मग अंदाज नाही, गुणाकार नाही. जे आहे ते आहे."

"आणि ज्याला काटा मिळालाच नाही?"

"त्याचं आपण जुनंच ताणत राहतो. आत काही उरलेलं नसलं तरी. आणि ताणलेलं अगदी खऱ्यासारखं दिसतं, तेच वाईट."

मी यादी छोटी केली. गिऱ्हाईक खूश झालं. बसमधून घरी येताना मला एकदम सुचलं आणि मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रविवारी सकाळी मी दिगूला आणि मीनलला जिन्यावर काढलं. दाराबाहेरची माणसं आमच्या मीटरवर येत नाहीत. त्यांनी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या नेल्या. खालच्या मजल्यावरचे गोगटे वर येता येता थबकले.

"भांडण का?"

"नाही हो, मोजणी," दिगू म्हणाला.

"मग ठीक," म्हणून गोगटे गेले.

आत आम्ही चौघं राहिलो, आप्पा, माई, ताराआत्या आणि मी. दार लावायच्या आधी दिगूने माझा हात धरला. "ताई, आप्पांचं काहीही निघालं तरी लगेच सांग. लपवू नकोस."

मी दार लावलं, कडी घातली, डब्यावर टकटक केलं आणि म्हटलं, "आता प्रत्येकाला एकेक. अदलाबदल नको."

मीटर खटकन थांबले आणि एकेका माणसावर लागले. घर एकदम शांत झालं. आजवर आमच्या घरात एक बारीक खुळखुळ असायची, ती अदलाबदलीची होती हे मला तेव्हा कळलं.

कुठला मीटर कुणाचा ते कळेना. मी म्हटलं, "आप्पा, खोका."

आप्पा खोकले. पहिली चकती उसळली आणि नीट, एका लयीत फिरू लागली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती अडखळली नाही, थांबली नाही. खरे आप्पा खरा श्वास घेत होते. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली आणि दुसरी चकती उसळली. ती माझी होती.

"आत्या, तू काहीतरी कर."

"काय करू? नाचू?" ताराआत्या म्हणाली, आणि तिसरी चकती रागारागाने फिरली.

चौथी चकती उभी होती.

"माई," मी हाक मारली. "माई, काहीतरी कर गं."

आप्पांनी मान वळवली. "लाटण्याचा आवाज थांबला," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. माई ओट्याशी उभी होती. हात लाटण्यावर, पोळी अर्धी लाटलेली, मनगटाला पीठ. तव्यावर एक पोळी होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. हात मळून ठेवलेल्या कणकेसारखा गार आणि जड होता, आणि तो आज गार झालेला नव्हता. डोळ्यांवर पिठाची साय धरली होती. मी ओट्याला धरून उभी राहिले. ती आम्हाला कधी सोडून गेली ते आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं. काल तिने माझ्या केसांना तेल लावलं होतं.

आप्पा माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी माईकडे पाहिलं, मग खाली, तिच्या पायांकडे. श्वास त्यांचा नीट चालला होता.

"दार उघड," ते म्हणाले.

"आप्पा, ही..."

"मला दिसतंय. दार उघड. पोरांना आत घे."

"ते दोघं आत आले की परत सगळं अंदाजाने..."

"ही परत लाटेल," आप्पा म्हणाले. "माझे नंबर काढून घे हवं तर. मला काय मोजायचंय?"

बेल वाजली. दाराबाहेरून दिगू ओरडला, "ताई! झालं का? आप्पा कसे आहेत?"

"आप्पा खणखणीत आहेत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

बाहेर मीनल आनंदाने हसली. "मग उघडा ना. माईंना म्हणावं, आज मी घरीच जेवणार."

मी दारापाशी आले आणि कडीवर हात ठेवला. डोक्यावर तीन चकत्या फिरत होत्या. माझी सगळ्यांत जोरात फिरत होती. आप्पा ओट्याशी माईच्या शेजारी उभे होते, तिच्या हाताखालचं लाटणं काढायचा प्रयत्न करत होते, आणि ते सुटत नव्हतं.

बेल पुन्हा वाजली. जेवणाच्या टेबलाशी ताराआत्या ताट पुढे ओढून बसली होती. तिने नाक वर करून वास घेतला.

"अगं, पोळी जळतेय," ती म्हणाली. "उलटा की कुणीतरी."