पूजेतला हब

"कुंकू नको, कुंकू नको त्याला! दर्शनाताई, प्लीज. पांढरा आहे तो. डाग पडला तर जाणार नाही."

कुंकवात बुडवलेलं माझं बोट तसंच हवेत राहिलं. समोर नवाकोरा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर म्हणायचं आपलं, नाहीतर पोळ्यांचा डबा त्याच्यापेक्षा मोठा असतो. विनीत दारातून धावत आला आणि डबा माझ्यापासून वाचवायला मध्ये उभा राहिला.

"खंडेनवमी आहे आज," मी म्हटलं. "हत्यारांची पूजा असते. मग हळदकुंकू लावू कशाला?"

"त्या तुमच्या बांडगुळाला लावा ना! त्याच्यावर काय, कितीही डाग पडू देत."

हे हसत म्हणाला तो. माणूस हसत बोलला की आपणही हसायचं असतं, म्हणून मीही हसले. मनात म्हटलं, बरं झालं बाबा, तुझ्याच तोंडून निघालं.

बांडगूळ म्हणजे माझा हब. लालबागच्या चिवडा गल्लीपलीकडे वसंतअण्णांची प्रेस होती. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, हॉटेलांची मेनूकार्डं, सगळं तिथे छापलं जायचं. मराठी टायपिंगला मी होते, लग्नाच्या आधीपासून. अण्णा थकले आणि मुलगा विनीत बसायला लागला, तेव्हा प्रेसचा 'स्टुडिओ' झाला. भिंती पांढऱ्या, टेबलं पांढरी, एक वायर म्हणून दिसता कामा नये. मी खिडकीशी बसायचे, तिथे आता एक कुंडी बसते. मी मागे, कागदांच्या गठ्ठ्यांच्या खोलीत. "ताई, तुमचा पसारा जरा दिसतो," एवढंच म्हणाला होता. या विनीतला मी शाळेच्या गणवेशात पाहिलाय. माझ्या डब्यातली भाकरी खाल्लीय त्याने. आता क्लायंटसमोर मला त्याला 'विनीतसर' म्हणावं लागतं.

नवे डबे आले त्या दिवशी अख्खं काम ठप्प झालं होतं. डब्याच्या पाठीला दोन बारीक फटी, बस्स. एकीत पडद्याची वायर गेली. उरलेल्या एकीत काय लावणार? प्रिंटर होता, स्कॅनर होता, माझा मराठी कीबोर्ड होता. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची किल्ली, आम्ही तिला डोंगल म्हणतो, ती लावल्याशिवाय एक अक्षर उमटत नाही. शिवाय मंडळाची पोरं फोटो घेऊन यायची ती पेनड्राइव्हवरच. "सगळं क्लाउडवर असतं आता," विनीत म्हणाला. असेल. पण प्रिंटर काही क्लाउडवर नव्हता, तो जिन्याखाली होता.

मग मीच लॅमिंग्टन रोडला गेले आणि स्वतःच्या पैशाने हब आणला. एक शेपूट डब्यात खुपसायचं आणि सगळ्या वायरी हबाच्या तोंडांत लावायच्या. काळा, जाडा, दिसायला गचाळ, पण कामाचा. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीची वायरही त्यातूनच जायची. क्लायंट येणार असला की विनीत हब काढून ड्रॉवरमध्ये टाकायचा, मलाही आत पिटाळायचा. टीव्ही लावायची वेळ आली की हाक यायची, "ताई, ते तुमचं जरा लावून द्या." मी यायचे, लावायचे, परत आत जायचे. मला आणि हबला त्याने एकाच ड्रॉवरमध्ये टाकलं होतं म्हणायला हरकत नाही.

हेही मी गिळलं असतं. पण गेल्या आठवड्यात चहाच्या वेळी, स्टुडिओतली बाकीची दोघं पोरं समोर असताना, कपात बिस्कीट बुडवत तो म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर तुम्ही रोज यायची गरज नाही. हल्ली बोललं की टाइप होतं. अडलं तर बोलवू की." माझं अख्खं आयुष्य त्याने एका बिस्किटाबरोबर भिजवून खाल्लं. त्या संध्याकाळी करी रोडला घरी पोचेपर्यंत मी एकच ठरवलं. जायचं तर जायचं, पण जाण्याआधी याला एकदा चार माणसांत रिकाम्या हाताने उभं राहिलेलं बघायचं. आपल्याशिवाय याचं अडतं, हे याने उघड्या डोळ्यांनी बघायचं. मग खुशाल घालवू दे.

आणि देवाने संधी दिली ती अशी. खंडेनवमीला दुपारी विनीतने मोठी मीटिंग ठेवली. बिल्डरची माणसं येणार होती. नायगावच्या चाळकऱ्यांना नव्या घरांच्या चाव्या द्यायचा कार्यक्रम होता, त्याची मराठी निमंत्रणं आणि पुस्तिका. मजकूर टीव्हीवर लावून, समोर बसून, नावं दुरुस्त करायची होती. म्हणजे टीव्ही हवा आणि डोंगलही हवं. खंडेनवमीला हत्यार उठत नाही, हे विनीतच्या डोक्यातही आलं नाही. "सुट्टीसारखंच आहे ना, ऑफिस रिकामं छान दिसेल," म्हणाला.

आमच्या प्रेसमध्ये मात्र हा नियम पक्का होता. पूजा मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत यंत्र फिरायचं नाही. एका वर्षी निवडणुकीची पोस्टरं अडली, पुढाऱ्याची माणसं दारात येऊन दम देऊन गेली, तरी अण्णांनी मशीनला बोट लावू दिलं नव्हतं. हल्ली अण्णा स्टुडिओत फिरकतच नाहीत. वर्षातून हा एक दिवस येतात, पूजेपुरते.

तर मी पाट मांडला. तांदूळ पसरले, झेंडू ठेवला. मध्यभागी हब ठेवला, त्याला डोंगल तसंच लावलेलं. वर हळदकुंकवाची बोटं चांगली ठळक ओढली.

अण्णा आले. पांढरा सदरा, हातात आपट्याची डहाळी. पाटाकडे बघून जरा थबकले. "हे कसलं यंत्र गो?"

"यातनंच सगळं चालतं अण्णा आता."

"असं?" त्यांनी हात जोडले. मशीनला घालायचे तसाच हार त्यांनी हबाला घातला, नारळ फोडला, आणि पाटाशेजारी खुर्ची घेऊन बसले. दरवर्षी असेच राखण केल्यासारखे बसायचे.

दुपारी बिल्डरची माणसं आली. एक साहेब आणि नूपुर नावाची मुलगी. मी मुद्दाम आत गेले नाही. कुंडीशेजारी उभी राहिले. विनीतने कॉफी दिली, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, मग ड्रॉवर उघडला. मग दुसरा उघडला.

"ताई, ते तुमचं कुठाय?"

"काय हो, विनीतसर?"

"ते... हब."

"पूजेत आहे ना. तुम्हीच म्हणालात त्याला लावा."

त्याचा चेहरा! तो चेहरा बघायला मी आठवडाभर झोपले नव्हते. पाटाकडे वळून त्याने हात पुढे केला आणि अण्णांची काठी मध्ये आली.

"हात लावू नको हां! उद्या सकाळपर्यंत हत्यार उठत नाय."

"अण्णा, हत्यार काय, हब आहे तो!"

"हार घातलाय त्याला मी."

नूपुर उठून पाटाजवळ आली, तिने वाकून नमस्कार केला. "अय्या, आज खंडेनवमी, मी विसरलेच! गिरगावात आमच्याकडे आई आज शिवणाच्या मशीनला हात लावू देत नाही. विनीत, राहू दे रे, आपण नंतर भेटू."

"नंतर कसं जमेल?" तिचे साहेब घड्याळ बघत म्हणाले. "संध्याकाळी परळच्या दुसऱ्या स्टुडिओकडे जायचंय. ज्याचं तयार असेल त्याला काम देऊन टाकू."

"सर, नो प्रॉब्लेम! काही मिनिटं द्या फक्त." विनीतने मोबाइलवर पटापट काहीतरी केलं. मला वाटलं संपलं, आता हा हात टेकणार. पण हल्ली सुडालाही शांतपणे बसू देत नाहीत. कॉफी संपते न संपते तोच खालून हेल्मेटवाला पोऱ्या वर आला आणि कागदी पिशवी देऊन गेला. आत नवा हब. चंदेरी, चपटा, डब्याला शोभेलसा. विनीतने तो लावला आणि भिंतीवरचा टीव्ही लख्ख उजळला.

 माझ्या जागी कुंडी आली होती, माझ्या हबाच्या जागी हा आला. इतकं सोपं होतं सगळं.

"हं, बघा सर," विनीत म्हणाला आणि त्याने फाइल उघडली.

टीव्हीभर चौकोन. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. चाळकऱ्यांची नावं नाहीत, बिल्डरचं नाव नाही, 'सस्नेह निमंत्रण' नाही. डोंगल पाटावर होतं ना, जुन्या हबाला लावलेलं!

"हे... मराठी आहे?" साहेबांनी विचारलं.

मला इतकं हसू आलं की मी कुंडीच्या पानांवरची धूळ पुसायला लागले. विनीत लालबुंद झाला होता. कपाळावर घाम, हातात माऊस, आणि भिंतीवर चौकोन. हेच मला हवं होतं. नेमकं हेच.

"अण्णा, ते डोंगल द्या मला," तो म्हणाला.

"उद्या सकाळी."

"अण्णा, द्या!"

"एकदा सांगितलं ना."

आणि मग विनीत ओरडला. पाहुण्यांसमोर, आम्हा सगळ्यांसमोर. "तुमच्या असल्या नाटकांनीच प्रेस बुडवलीत! आता माझंही बुडवा! वर्षातून एक दिवस येता, तेही आम्हाला तोंडघशी पाडायला!"

 नूपुर खाली बघायला लागली. मी विनीतकडे बघायला हवं होतं, आठवडाभर त्यासाठीच वाट बघितली होती. पण माझे डोळे अण्णांवर गेले. बघावंसं वाटत नव्हतं, तरी गेले.

अण्णांनी काठी भिंतीला टेकवली. गुडघ्यांवर हात ठेवून उठले. वाकून त्यांनी हबावरचा हार काढला, तो पाटावर नीट वेटोळं करून ठेवला. मग हब उचलला. दम देणाऱ्या माणसांपुढे जे त्यांनी केलं नव्हतं, ते त्यांनी आपल्या हाताने केलं. हबावरचं हळदकुंकू पुसायला त्यांना काही सापडेना, म्हणून सदऱ्याचं टोक घेतलं आणि पुसलं. पांढऱ्या सदऱ्यावर लाल-पिवळा पट्टा उठला. मुलाने पुढे केलेला हात त्यांनी बघितलाच नाही. हब घेऊन ते सरळ त्या डब्याशी गेले, एका हाताने डबा धरला आणि दुसऱ्या हाताने ती वायर त्याच्या पाठीला इथे तिथे लावत राहिले.

"दर्शना," ते म्हणाले, "हे कुठून आत जातं गो?"

ज्या माणसाने मला या धंद्यातलं पहिलं अक्षर शिकवलं, तो मला विचारत होता. मी पुढे झाले. नवा हब उपसला, टीव्हीची वायर जुन्याला लावली आणि त्यांचा हात धरून हबाचं शेपूट फटीत बसवलं. भिंतीवरच्या चौकोनांची अक्षरं झाली.

मीटिंग छान झाली. नावं दुरुस्त झाली, काम विनीतलाच मिळालं. सूड मी घेतला, त्यात काही कसर राहिली नाही. फक्त ज्याचा चेहरा पडायला हवा होता, तो माणूस खाली टॅक्सीपर्यंत पाहुण्यांना सोडायला हसत हसत गेला.

अण्णा परत पाटाशेजारी बसले होते. पाटावर तांदूळ होते, हार होता, मध्ये हबाच्या आकाराची मोकळी जागा होती.

"मुद्दाम ठेवलं होतंस ना पूजेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला आधी सांगायचंस गो," ते म्हणाले. "मी घरी बसलो असतो."

 मी माझी पर्स आणली, जेवणाचा डबा आणला, कागदांच्या खोलीतली माझी शाल आणली. मग कॉम्प्युटरला लावलेला माझा हब काढला. विनीत वर आला होता.

"ताई, काय करताय? राहू दे ना तो, अजून प्रिंट काढायच्यात."

"माझा आहे," मी म्हटलं. "आणि उद्यापासून मी येत नाही. दिवाळीची वाट कशाला बघायची?"

"अहो पण, पुस्तिका कोण..."

"बोललं की टाइप होतं म्हणालास ना? बोल मग." सर म्हटलं नाही. अहोजाहोही केलं नाही.

"डोंगल ठेवून जा," अण्णा म्हणाले. "ते प्रेसचं आहे."

बरोबर होतं त्यांचं. मी डोंगल काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाटावर, त्या मोकळ्या जागेत ठेवलं, करंडा जवळ ओढला आणि नव्याने हळदीचं बोट लावलं. एवढ्याशा डोंगलावर ते धड उमटलंही नाही. हार मोठा होत होता, म्हणून त्यांनी एकच झेंडू तोडून वर ठेवला आणि पुन्हा राखणीला बसले.

चपला घालताना मी वळून पाहिलं. विनीत त्या पांढऱ्या डब्यावर वाकला होता. अण्णांनी डबा धरला होता तिथे त्यांच्या अंगठ्याचं कुंकू उमटलं होतं, रेषान् रेषा दिसत होती. तो ओल्या टिश्यूने घासत होता, आणि जितकं घासावं तितकं ते गुलाबी होऊन पसरत होतं.