बिनसांध्याची वाट

मे महिन्यात अन्सेल्मो टोपी हातात धरून माझ्या दारात उभा राहिला. शहात्तर वर्षांचा, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आवाज अजून भट्टीशेजारी बोलावं तसा. त्याला घराच्या ओट्यापासून परसामागच्या मेहुणीच्या दारापर्यंत काँक्रीटची वाट हवी होती. चाळीस फूट. त्याची बायको प्रोविदेन्सिया हिवाळ्यात बर्फावर घसरली, कंबरेचं हाड मोडलं, आणि आता ती चाकांच्या खुर्चीत होती. बहिणीकडची दुपारची कॉफी तेव्हापासून बंद.

“एकच अट,” तो म्हणाला. “मध्ये एकही खाच नको.”

“खाचांशिवाय वाट टिकत नाही, अन्सेल्मो.”

“टिकत नाही की तुला जमत नाही?”

मी तेवीस वर्षं आमच्या या लोरेन शहरात फूटपाथ घालते आहे. हा प्रश्न मला नवा नव्हता. मी नेहमीचं सांगितलं. काँक्रीट वाळताना त्यातलं पाणी निघून जातं आणि ते आकसायला बघतं. खालची जमीन त्याला धरून ठेवते. या ओढाताणीत ते कुठेतरी फुटतंच. “फुटणं मला थांबवता येत नाही. कुठे फुटायचं तेवढं ठरवता येतं. खाच मारली की तिथे काँक्रीट पातळ होतं, मग तडा खाचेच्या तळाशी जातो, कुणाला दिसत नाही.”

“आयुष्यभर पोलाद ओतलंय मी, पोरी. थंड होताना काय आकसतं ते मला सांगतेस?”

“मग हट्ट कसला?”

“चल, दाखवतो.”

त्याच्या घरासमोर रस्त्याकडेचा फूटपाथ होता, माझ्या वडलांनीच घातलेला. दर पाच फुटांवर गोल कडांची खाच. अन्सेल्मोने खुर्ची ढकलली. चाक खाचेत उतरलं, वर आलं, आणि प्रोविदेन्सियाची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळली. लगेच ती माझ्याकडे बघून हसली. पुढची खाच आली. पुन्हा तेच.

“फार नाही दुखत,” ती म्हणाली. “मी मोजत नाही. हा मोजतो.”

मी हो म्हणाले.

माझ्याबरोबर काम करणारा ड्वेन वाटेच्या कडेच्या फळ्या ठोकताना म्हणाला, “बाई, हे फुटणार.”

“माहीत आहे.”

“त्यांना सांगितलंस?”

“सांगितलं.”

“पटेल असं सांगितलंस का?”

मी हातोडा उचलला आणि कामाला लागले.

वाट सुरेख झाली. आठवड्याने प्रोविदेन्सिया बहिणीकडे गेली. दोघी दारातच एकमेकींना धरून रडल्या, आणि मग कॉफीत साखर किती यावरून भांडल्या. अन्सेल्मोने मला मिरच्यांची दोन रोपं दिली. मी खुशीत घरी आले आणि मनातली बोच बाजूला सारली.

जूनच्या अखेरीस एका सकाळी दुसऱ्या कामावर जाताना मी त्यांच्या परसात डोकावले. अन्सेल्मो वाटेवर गुडघे टेकून बसला होता. हातात जेवणाची सुरी, शेजारी खिडक्यांच्या काचांना लावायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा. वाट दोन ठिकाणी आडवी फुटली होती. एक तडा नागमोडी, कडेचे कपचे उडालेले. तो त्यात लांबी भरत होता. मला पाहून दचकला.

“हळू बोल. ती झोपली आहे.” मग ओशाळून म्हणाला, “माझंच चुकलं असेल. तू सांगितलंस तेवढं पाणी मी मारलं नाही. एक दिवस चुकला माझा.”

मी त्याच्याजवळ खाली बसले.

“पाण्याचा काही संबंध नाही. फुटणार हे मला ओतायच्या आधीच ठाऊक होतं. त्या दिवशी तिच्या हाताकडे बघितलं आणि मला नाही म्हणवलं नाही.”

त्याने सुरी पुसली. “मलाही तिला नाही म्हणवत नाही,” तो म्हणाला.

मी वाट पुन्हा घालून द्यायचं ठरवलं. पण कशी? खाचा मारल्या तर तिला हिसके, नाही मारल्या तर तडे. ट्रकमध्ये बसल्यावर ड्वेनच म्हणाला, “गोदामात काय करतो आपण? तिथे मालाच्या गाड्या दिवसभर पळतात, बाटलीसुद्धा हलत नाही.”

गोदामात आम्ही ओल्यात खाच मारत नाही. काँक्रीट घट्ट झालं की यंत्राच्या फिरत्या पात्याने चिरतो. चीर इंचभर खोल, पण रुंदीला पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जास्त, कडा सरळ. चाकाला ती कळतही नाही. इतकी वर्षं मी घरांच्या वाटांना वडलांसारखी गोल खाच मारत आले, कारण ती दिसायला छान दिसते.

जुनी वाट फोडली आणि जुलैत सकाळी सहाला नवी ओतली. मग थांबायचं. लवकर चिरलं तर खडी उपटून येते, उशीर केला तर काँक्रीट स्वतःच फुटायची जागा शोधतं. मी कडेला उकिडवी बसून खिळ्याने ओरखडे काढून बघत होते. अन्सेल्मो आत भात करत होता. प्रोविदेन्सियाने खुर्ची ओट्याच्या टोकाला आणली.

“मला तडे माहीत होते हं,” ती हळूच म्हणाली.

“त्यांनी सांगितलं?”

“तो कसला सांगतोय! चाकाला कळायचं ना. आणि रोज पहाटे हा गुडघ्यांवर बसायचा ते खिडकीतून दिसायचं. त्याचे गुडघे माझ्या कंबरेपेक्षा वाईट आहेत. मी झोपेचं सोंग घ्यायची, तो उठून उभा राहीपर्यंत.”

“बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तो ओशाळला असता.” तिने वाटेकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “तूही ओशाळू नकोस. कधी चिरणार?”

दुपारी एकला खिळ्याचा ओरखडा कोरडा, पांढरा उठला. ड्वेनने पातं चालवलं, रेघ सरळ राहावी म्हणून मी दोरी धरली. दर चार फुटांवर एक चीर, नऊ चिरा. अन्सेल्मो कानांवर हात ठेवून प्रत्येक चिरेबरोबर पुढे सरकत होता.

महिन्याभराने मी गेले तेव्हा त्याने मला बॅटरी घेऊन एका चिरेत बघायला लावलं. “फुटलंय!” तो ओरडला, जणू बातमीच. तळाशी केसाएवढी रेघ होती, सरळ, चिरेतच.

“फुटू दे,” मी म्हणाले. “तिथेच फुटायचं होतं.”

तेवढ्यात प्रोविदेन्सिया ओट्यावरून वाटेवर आली, स्वतःच चाकं फिरवत. दंडांत आता जोर आला होता. अन्सेल्मो ढकलायला धावला.

“सोड रे. जमतंय मला.”

ती पुढे गेली. चिरांवरून चाकं नुसती वाहत होती. अन्सेल्मो शेजारून चालत राहिला. मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले, मग खिशात घातले, आणि शेवटी तिची पर्स मागून घेतली.