चौथी पायरी

आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत आणि आम्ही दहाच वापरतो. चौथी ओलांडायची. पाठीवर दप्तर असो, हातात कपड्यांचा ढीग असो, अंगात ताप असो, तिसरीवरून थेट पाचवीवर. कुणी नवीन माणूस आलं की आत्या खालूनच ओरडते, "चौथी सोडा हं, ओली आहे!"

गेली दोन वर्षं ओली आहे.

बाबा लाकडाला पॉलिश करायचे आणि आईसुद्धा. दोघांची जोडीच होती. आई डबे कालवून द्यायची, बाबा हात मारायचे. मोडलेल्या चौथ्या पायरीच्या जागी बाबांनी नवी फळी बसवली, पॉलिश केलं आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही." मग कामासाठी घासकागद आणायला गेले आणि दुकानाच्या दारातच छातीत कळ येऊन पडले. सांगायचं राहूनच गेलं.

आता घरात आम्ही तिघी. खाली बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, वर आई आणि मी. आणि जिन्यात बाबा. हसू नका. रोज संध्याकाळी साडेपाचला, बाबांच्या यायच्या वेळेला, चौथ्या पायरीवर 'चट्' असा आवाज होतो. ओल्या रंगातून चप्पल सुटावी तसा, एकदाच. वही फेकून धावत जाऊन पाहिलंय मी, पायरीवर कुणी नसतं. नुसता पॉलिशचा वास असतो, आत्ताच डबा उघडल्यासारखा.

"आला दादा," आत्या खालून हळूच म्हणते. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, आणि नसलेलंही तिला स्वच्छ दिसतं. आई त्या वेळेला बरोब्बर नळ सोडते आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुते.

गेल्या महिन्यात आईला देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून पत्र आलं. तिथल्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश विभागाची प्रमुख! मी तर घर डोक्यावर घेतलं. शाळेत जाऊन दाखल्याचा अर्जसुद्धा देऊन आले, एकटी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पालक कुठायत?" म्हटलं, "पालक अजून विचार करतायत, मॅडम. माझा झालाय."

आई मात्र रोज पत्र काढायची, वाचायची, परत घडी घालून ठेवायची.

"जायचं ना गं?"

"बघू."

"सोमवारी हजर व्हायचंय. आज गुरुवार आहे. तुझं बघू संपणार कधी?"

"आत्या एकटी पडेल."

"माझ्या नावावर खपवू नकोस, वहिनी," आत्या खालून म्हणाली. तिचे कान म्हणजे काय सांगू! "तू जा खुशाल. पण दादाचं काय? त्याचा जीव या घरात. तो हे सोडून कुठे जायचा नाही. तुला त्याला टाकून जाववत असेल तर जा."

झालं. आईनं निम्मी भरलेली बॅग पलंगाखाली सरकवली.

माझं डोकंच फिरलं. एका फळीसाठी आई जन्मभर इथे धुतलेली भांडी धुणार? मी तरातरा जिना उतरले, सहावी, पाचवी, आणि दोन्ही अनवाणी पाय चौथीवर ठेवून उभी राहिले.

पाय चिकटले.

वरच्या धुळीखाली ती मऊ होती. उचलायला गेले तर तळवा सुटेना, खालून कुणी धरून ठेवल्यासारखा.

"आई! ओली आहे! खरंच ओली आहे!"

आत्या धावत आली. "बघ वहिनी, बघ! म्हणत नव्हते मी?"

आई वरून आली. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि पाचव्या पायरीवर मटकन बसली.

"ती वाळणारच नाही," ती म्हणाली. "त्यात हार्डनर नाहीये."

या पॉलिशचे दोन डबे असतात. दुसऱ्यातलं हार्डनर मिसळलं नाही, तर पॉलिश वर्षानुवर्षं चिकटच राहतं. मिसळायचं काम आईचं.

"विसरलीस?" मी विचारलं.

"नाही. सकाळी भांडण झालं होतं. रागानं डबा तसाच पुढे ढकलला. म्हटलं, संध्याकाळी चिकट लागली की झक मारत येईल बोलायला."

"कशावरून भांडलात?" आत्यानं विचारलं.

"याच कारखान्यावरून. तेव्हा आम्हा दोघांना बोलावलं होतं. तो बॅग भरायला निघाला. मीच म्हटलं, मी हे घर सोडणार नाही."

"दादाला जायचं होतं?"

आईनं मान डोलावली.

आत्यानं कठडा सोडला. मग तिनं खाली जाऊन पुढचं दार सताड उघडलं आणि बाजूला झाली.

"जा रे," ती म्हणाली. "मीच मेली रोज आला, आला म्हणत तुला आत घेत बसले."

माझ्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. वारा असेल. पण वारा दारातून आत येतो, आणि हे आतून बाहेर गेलं. आईनंही मान वळवून दाराकडे पाहिलं.

मग तिनं कमरेची ओढणी सैल केली, फोन काढला आणि कारखान्याला लावला. "सोमवारी येतेय. हो, नक्की." पलीकडून काहीतरी विचारलं. "राहायला? किती जण म्हणजे..."

तिनं पुन्हा उघड्या दाराकडे पाहिलं. आत्या दार धरून ऐकत होती.

"मी आणि मुलगी," आई म्हणाली. आणि मग, "पण खोली थोडी मोठी मिळाली तर बघा."