टाउनोचा आमिषांचा डबा

माझा नवरा टाउनो गेला त्याला वर्ष झालं, तरी त्याचा मासेमारीच्या आमिषांचा डबा मी उघडला नव्हता. शेजारच्या रेनोचा आमच्या होडीवर डोळा होता. "हिल्का, तू थोडीच जाणार आहेस आता तळ्यावर?" तो म्हणाला. मला झोंबलं. "रविवारी पाईक मासा आणून दाखवते. नाही आणला तर होडी तुझी," मी बोलून बसले.

डबा उघडला तर आत पन्नासेक आमिषं. माशाला भुलवायला गळ लावलेले पितळी चमचे, चंदेरी चमचे, लाकडी मासे. टाउनो आभाळ बघायचा, पाण्यात हात घालायचा आणि नेमकं एक उचलायचा. मी फक्त वल्ही मारायची, अडतीस वर्षं. मग मी आपली अक्कल चालवली. ज्यावर दातांचे ओरखडे जास्त, तेच माशांना आवडत असणार. लाल-पांढरा चमचा निघाला, रंग पार उडालेला. टाउनोचा लाडका. दोरीला चांगल्या तीन गाठी मारून बांधला.

टाउनोचं नव्वद किलो वजन नाही म्हटल्यावर होडीची मागची बाजू वर उचलली गेली. त्याच्या जागेवर दगड ठेवला. वल्हवणाऱ्याचं तोंड मागेच असतं, त्यामुळे दगडाकडे बघत वल्हवत राहिले. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

लव्हाळ्यापाशी होडीत टेकवलेली गळाची काठी वाकली. हिरवी पाठ क्षणभर दिसली आणि दोरी सैल पडली. टोक सुरीने कापल्यासारखं. मासा गेला, चमचाही गेला. मी तिथेच मोठ्याने रडले.

रेनो धक्क्यावरच उभा होता. "पोलादी तार लावली होतीस ना?"

"कसली तार?"

"अगं बाई! पाईकचे दात दोरी ठेवतात होय? मध्ये वीतभर तार लागते. टाउनोच्या कॉफीच्या डब्यात ढीगभर होत्या."

त्या तारांनी मी गेल्या उन्हाळ्यात सौनामध्ये, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या टांगल्या होत्या. हे सांगितल्यावर तो हसत सुटला, मग माझे रडवेले डोळे दिसताच त्याने हसू आवरलं.

"अडतीस वर्षं त्याच्यासमोर बसलीस, आणि कधी बघितलं नाहीस?"

"हातांकडे कोण बघत होतं?" मी म्हणाले. "ने तुझी होडी."

"राहू दे. तार आण एक."

सौनाच्या पायरीवर बसून त्याने गाठ दाखवली. "चेहरा काय बघतेस माझा? हातांकडे बघ."

बघितलं. दुसऱ्या खेपेला गाठ जमली. टाउनोचे हात मात्र, कितीही आठवले तरी, डोळ्यांसमोर येईनात.