सहाच लाल मणी

"सर, तुमच्या गोलांना सम-विषम कळतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून विचारलं. एरवीही विचारलंच असतं म्हणा. हल्ली मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

गणिताचे सर खडू हातात धरून तसेच थांबले. "हे तुला कुणी शिकवलं?"

उत्तर सोडून उलटा प्रश्न! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याचं असं की मण्यांच्या माळेचा कुठलाही नियम सर चित्रात मांडतात. प्रत्येक रंगाचा एक गोल, त्यात प्रत्येक मण्याचा एक ठिपका, आधी-नंतर सांगायला बाण. 'निळ्यानंतर लाल नको'? एका चित्रात काम फत्ते. शाळेच्या प्रदर्शनासाठी आमचा तक्ता लिहून तयार होता, फक्त रंगवायचा बाकी: 'माळेचा प्रत्येक नियम गोलांत मांडता येतो.' खाली सरांचं नाव, त्याखाली माझं! आईने सगळ्या मावश्यांना कळवूनही टाकलं होतं.

'लाल मणी सम असावेत' या नियमाची सरांनी चार चित्रं काढली होती. एकही लाल नाही, दोन लाल, चार, सहा. पेटीतले मणी ओवून चित्र तपासायचं, ही आमची पद्धत. सगळ्या माळा बरोबर आल्या, कारण पेटीत लाल मणी होतेच सहा. पण झाकणावर लिहिलं होतं, 'प्रत्येक रंगाचे दहा'. निळे दहा, पिवळे दहा. मग लालच कसे कमी, मी विचारलं.

"हरवले असतील," सर म्हणाले. "तू तक्ता रंगव."

बाबा इलेक्ट्रिशियन. घरी गेल्या गेल्या त्यांना गाठलं आणि सम-विषम ओळखणारं काही असतं का, ते विचारलं.

"त्यात काय! जिन्यातलं बटण बघ," ते म्हणाले. "विषम वेळा दाबलं की दिवा लागतो, सम वेळा दाबलं की विझतो. शंभरदा दाब, चुकायचं नाही. पण खरंच दाबत बसू नकोस, बिघडलं तर मलाच बदलावं लागेल."

एवढंसं बटण, त्याला जमतं आणि आमच्या गोलांना नाही? आई शिवणकाम करते. तिच्या डब्यातली दोन लाल बटणं ढापली आणि दुसऱ्या दिवशी सहा मण्यांसोबत ओवली. आठ झाले. सम! पण चारातलं एकही चित्र लागू पडेना. पाचवं काढलं, तर पुढे दहा उभे. चित्रं कितीही काढा, माळ आपली एक पाऊल पुढेच.

तेवढ्यात सरांनी पट्टी आणायला शिक्षकांच्या खोलीत पाठवलं. त्यांच्या टेबलाच्या खणात कंपासपेटी होती आणि तिच्यात चार लाल मणी. खाली घडी घातलेला कागद. आठ ठिपके, दहा ठिपके, बारा, सगळ्यावर काट मारलेली. अक्षर सरांचंच: 'जमत नाही.'

मागे वळले तर सर दारात.

"परीक्षकांनाही सहा लाल मण्यांचीच पेटी देणार आहोत," ते हळूच म्हणाले. "वीस वर्षं घालवलीत गं मी यात. मैत्रिणींना सांगितलंस?"

"अजून नाही."

संध्याकाळी आई प्रदर्शनासाठी माझ्या नव्या ड्रेसचं माप घेत होती. "हात वर कर. आज तोंडाला कुलूप का?"

"आई, बाबा, ऐका. उद्या मी तक्त्यावरचा 'प्रत्येक' खोडायला सांगणार आहे. सर नाही म्हणाले, तर माझं नाव खोडणार. मग मावश्यांना काय सांगायचं ते सांग. आणि बाबा, मला जिन्यातल्यासारखं एक बटण आणि एक दिवा जोडून द्या. तक्ता असो नसो, मी तो घेऊन उभी राहणार!"